कोठी भरली कशानें?

शाळेंतील प्रत्येक संगणक स्वतः थेट इंटरनेटवर जातो, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. वस्तुतः अनेक ठिकाणीं मध्यें एक मध्यस्थ संगणक बसविलेला असतो. त्यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. एका मुलानें मागविलेलें चित्र तो आपल्या कोठींत ठेवून घेतो, व दुसऱ्यानें तेंच मागितलें म्हणजे घरचेंच काढून देतो. या कामीं स्क्विड नांवाचा प्रोग्रॅम १९९६ सालापासून प्रचारांत आहे.

मागें एका विद्यालयांत परीक्षेचे अर्ज भरण्यास आरंभ होण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्हीं या सर्व्हरकडे पाहिलें, तों डिस्क ९८ टक्के भरलेली! ती पूर्ण भरली असती, तर स्क्विड बंद पडून दुसऱ्या दिवशीं सर्वांचाच खोळंबा झाला असता.

प्रथम संशय साहजिकच कोठीवर गेला. परंतु ती निर्दोष होती. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या ९० टक्क्यांपर्यंत साठा गेला म्हणजे स्क्विड जुन्या वस्तु आपण होऊनच काढूं लागतो. मात्र हे टक्के आपण लिहून दिलेल्या मर्यादेचे, डिस्कचे नव्हेत. सगळी डिस्क कोठीस देऊन टाकणारा मनुष्य ही गोष्ट विसरतो.

खरी अपराधी होती नोंदवही, म्हणजे लॉग फाइल. प्रत्येक मागणीस तींत एक ओळ. हल्लीं बहुतेक मजकूर कूटबद्ध होऊन येत असल्यामुळें कोठींत थोडेंच राहतें. नोंद मात्र होतेच. कोठी रोड आणि वही लठ्ठ, असा तो प्रकार.

आम्हीं ती फाइल पुसून टाकली, आणि येथेंच चुकलों. जागा मोकळी झाली नाहीं. उलट ९८ चे ९९ झाले. डीयू ही आज्ञा फायलींची बेरीज सांगते, ती घटली होती. डीएफ ही आज्ञा डिस्कची एकंदर स्थिति सांगते, तिच्या लेखीं डिस्क भरलेलीच. हा विरोध कां? लिनक्समध्यें फायलीचें नांव निराळें आणि तिचा मजकूर निराळा. पुसल्यानें नांव जातें. परंतु एखादा चालू प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो ती सोडीपर्यंत मजकुराची जागा अडकूनच राहते. स्क्विड त्या निनांवी वहींत निमूटपणें लिहीतच होता! एलएसओएफ या आज्ञेनें ही लपलेली फाइल दाखविली. मग स्क्विडला वही बदलण्याची, म्हणजे रोटेटची, आज्ञा केली. त्यानें जुनी वही मिटून नवी उघडली, आणि डीएफचा आंकडा झरकन् खालीं आला. अर्ज वेळेवर भरले गेले. पण कित्येक महिन्यांच्या नोंदी गेल्या, त्या गेल्याच. आधीं वही बदलून जुनी दुसरीकडे हलविली असती, तर त्याही राखतां आल्या असत्या. ही आज्ञा रोज रात्रीं आपोआप सुटेल अशी योजना करावी लागते. तिच्यावांचून स्क्विड एकही वही बदलीत नाहीं.

कधीं कधीं डीएफ जागा शिल्लक दाखविते, तरी जागा नसल्याची तक्रार येते. तेव्हां डीएफला आय हें अक्षर जोडून आयनोडांची, म्हणजे फायलींच्या खात्यांची, संख्या पाहावी. ईएक्सटी-४ पद्धतीची डिस्क तयार करतांना साधारणतः दर १६ किलोबाइटांस एक आयनोड धरतात. स्क्विडचा एका वस्तूचा सरासरी अंदाज १३ किलोबाइटांचा. लहान वस्तु फार झाल्या, तर जागेच्या आधीं आयनोडच संपतात.