कांटा, वही आणि दुरून आलेला सल्ला



मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून दूरदूरच्या गांवांतून कर्करोगाचे रुग्ण तेथें येत आले आहेत. उपचाराची एक फेरी संपली कीं पुष्कळ रुग्ण घरीं परततात, आणि पुढच्या फेरीपर्यंतचे दिवस घरच्या स्वयंपाकघरावर सोंपविलेले असतात. याच काळांत अनेकांचें वजन घटूं लागतें, आणि ‘रोगच तसा आहे’ असें म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. हें स्वस्थ बसणें कसें टाळावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उपासानें येणारी कृशता आणि कर्करोगांतील क्षीणता यांत भेद आहे. निरोगी मनुष्य उपाशी राहिला तर शरीर मुख्यतः चरबी खर्च करतें व स्नायूंना शक्य तों वांचवितें. कर्करोगांत शरीरांतील दाहामुळें भूक मंदावते आणि त्याच वेळीं स्नायूही झिजतात. केवळ अन्नानें ही झीज पूर्णपणें भरून येत नाहीं. परंतु ती लवकर ओळखली तर मंदावतां येते व रुग्णास उपचार सोसण्याचें बळ राहतें. साध्या उपासमारीवांचून सहा महिन्यांत वजन शेंकडा ५ हून अधिक घटणें, ही तज्ज्ञांनीं २०११ सालीं ठरविलेली तिची एक खूण होय. साठ किलोच्या मनुष्याचें त्रैराशिक मांडा: अवघे तीन किलो! आपणांस वाटतें, सदरा थोडा सैल झाला.

अशा वेळीं आहारतज्ज्ञाचा सल्ला हवा. पण थकलेल्या रुग्णास त्यासाठीं पुन्हां प्रवास कां घडवावा? डॉक्टरांनीं दुरून सल्ला देण्याविषयींचे नियम भारत सरकारनें २५ मार्च २०२० रोजीं प्रसिद्ध केले. आहारासंबंधींची विचारपूसही आतां दूरध्वनीवर होऊं शकते. मात्र उपचार जेथें चालू आहेत तेथील डॉक्टरांस विचारूनच ती सुरू करावी.

दुरून बोलणाऱ्यास रुग्णाचें ताट दिसत नाहीं. त्याचे डोळे आपणच व्हावयाचें. आठवड्यांतून एकदां, सकाळीं, कांहीं खाण्यापूर्वीं, सारख्याच हलक्या कपड्यांत वजन करून वहींत लिहावें. काय वाढलें तें लिहूं नये. काय पोटांत गेलें तें लिहावें. पोळी वाढली एक, खाल्ली अर्धी, तर वहींत अर्धीच हवी. वजन एकाएकीं वाढलें तर आनंदण्यापूर्वीं पायांवर सूज आहे का तें पाहावें. तें पाण्याचें वजन असूं शकतें.

सामान्यतः दर किलो वजनास रोज २५ ते ३० उष्मांक आणि १ ते १·५ ग्रॅम प्रथिनें धरतात; म्हणजे साठ किलोस १५०० ते १८०० उष्मांक व ६० ते ९० ग्रॅम प्रथिनें. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हें मान बदलतें. दोन मोठ्या जेवणांऐवजीं सहा-सात वेळां थोडें थोडें द्यावें. वरणांत तूप, भातावर दही, चालत असल्यास अंडें. तोंड आलें असेल तर तिखट वर्ज्य करून मऊ खिमट द्यावें. वासानें मळमळत असेल तर पदार्थ निववून द्यावा.

दोन चुका मात्र कटाक्षानें टाळाव्या. रुग्णास उपाशी ठेवल्यानें गांठ सुकते, या समजास आधार नाहीं; सुकतो तो रुग्ण. दुसरी चूक मायेपोटीं होते. घांसागणिक आग्रह केला कीं जेवणाची वेळ म्हणजे शिक्षा होऊन बसते. ताट पुढें ठेवावें, जवळ बसावें, इतर गोष्टी बोलाव्या.

गिळतां येईनासें झालें, उलट्या थांबेनात अथवा ताप आला, तर दूरध्वनीवरील सल्ल्यावर विसंबूं नये, रुग्णालय गांठावें. एरवीं मात्र वही उघडी ठेवावी. पहिल्या किलोस जो सावध होतो, त्याला सल्ला देण्यास तज्ज्ञापाशीं वेळ उरतो.