जुन्या पिकअपची घरची निगा

चिकलठाण्याहून जाधववाडीच्या बाजारात भाजी नेणारी जुनी पिकअप वाटेत बंद पडली, तर वेळ जातोच, वर मालही सुकतो. अशा गाडीचे दुखणे पुष्कळदा पाण्याचे असते. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी तापवायच्या हंड्याला आतून जी पांढरी खपली धरते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. नळ्या चोंदल्या, की उन्हाळ्यात इंजिन तापलेच म्हणून समजा. तेव्हा तेथे बोअरचे पाणी नको, कूलंट घालावे; ते दाट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे.

मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले, की ते उसळून तोंडावर येते. कितीही घाई असो, इंजिन पुरते निवू द्यावे.

ऑइल सकाळी, गाडी सपाट जागी असताना पाहावे. पट्टी पुसून पुन्हा घालावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. दुधाळ दिसले, तर त्यात पाणी उतरले असावे. मग गाडी चालवू नका, मिस्त्रीलाच घरी बोलवा. आणि हो, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरायचे नाही.