आषाढातली भाकरी

कोल्हापूरचा पाहुणचार म्हटला की शहरातला तांबडा-पांढरा रस्सा डोळ्यांपुढं येतो. तो आहेच. पण या जिल्ह्याचा हात किती मोकळा आहे हे बघायचं असेल, तर भर पावसात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं चालत जावं.

१२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा पन्हाळ्याभोवतीचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच मुलखातून विशाळगडाकडं निघाले. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली. त्या आठवणीनं दर जुलैत ठिकठिकाणचे जथे ही वाट चालतात. राजदिंडीनं उतरायचं, मसाई पठार ओलांडायचं, मग कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या धरत पांढरेपाण्याकडं जायचं. अंतर पन्नासेक किलोमीटर, त्यामुळं बहुतेकांना मधे मुक्काम पडतो. आणि मुक्काम म्हणजे कुणाच्या तरी घराचा सोपा.

भिजून चिंब, गुडघ्यापर्यंत चिखल, अशा अवस्थेत आम्ही एका वाडीत शिरलो, तेव्हा घरातल्या आजींनी कोण, कुठले हे नंतर विचारलं. आधी चुलीपुढची जागा रिकामी केली. "जेवल्याबिगर जायाचं न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, खर्डा, ताक. अंथरायला घोंगडं. भिंतीपलीकडं गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या, आणि आमचे कपडे घरच्यांच्या कपड्यांशेजारी चुलीवरच्या दोरीला वाळत होते.

या पाहुणचाराचं मोल कळायला आषाढ कळावा लागतो. हे दिवस भातलावणीचे. घरातलं धडधाकट माणूस पहाटेपासून चिखलात वाकलेलं असतं. नवं धान्य हाती यायला दिवाळी उजाडते, तोवर कणगीतलं पुरवायचं. उन्हाळ्यात साठवलेलं जळण आणि शेणी पावसाळाभर जपून वापरायच्या. अशा वेळी दहा-बारा परक्या माणसांसाठी चूल दुसऱ्यांदा पेटवणं म्हणजे काय, हे त्या चुलीपुढच्या बाईलाच ठाऊक. वर्षभरात पाहुणचाराला सगळ्यांत अवघड असा हा महिना, आणि नेमके याच महिन्यात आम्ही सगळे तिथं पोचतो.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. याच गावांत लावणीचं काम पैऱ्यानं चालतं. तुमच्या शेतात आमची दोन माणसं एक दिवस, तर आमच्या शेतात तुमची तेवढीच. हा हिशेब चोख असतो, कारण त्यावर लावणी वेळेत होते. पण वाटसरूच्या भाकरीला पैरा नाही. तो परत येणार नाही, हे माहीत असूनच ती थापलेली असते.

वाटसरूला अशी हाक दूरदेशीही मिळते. पार पॅसिफिकमधल्या सामोआत पारंपरिक घरांना भिंतीच नसतात. खांबांवर छप्पर, चारी बाजू उघड्या. रस्त्यानं जाणारा घरातून दिसतो आणि जेवायला हाक येते. सह्याद्रीच्या पावसात भिंती हव्याच, हाक मात्र तीच.

आता काही वाड्यांत आधी सांगून जेवण-मुक्कामाची सोय होते, ठरलेले पैसेही दिले जातात. ते मला योग्यच वाटतं. त्यात घरच्यांच्या कष्टाची कदर आहे. जिथं पैसे घेत नाहीत तिथं तांदूळ, डाळ, गोडंतेल असा शिधा आधीच पोचवावा, आणि तो घरच्या बाईच्या हाती द्यावा. काही गट वाडीतल्या शाळेला वह्या देतात. जमलंच तर सकाळी लवकर उठून लावणीच्या शेतात उतरावं. रोपाची मूठ कशी धरायची, ते तिथली पोरंसुद्धा शिकवतात.