दोन 'बरोबर'

पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलाला कागदावर एवढेच लिहून द्यावे : ८ + ४ = □ + ५. चौकटीत कोणती संख्या येईल, असे विचारावे आणि गप्प बसावे. बहुतेक मुले क्षणात १२ लिहितात. काही जण उरलेला ५ सुद्धा वाया जाऊ नये म्हणून १७ लिहितात. ७ लिहिणारे मूल विरळा.

हा केवळ अंदाज नाही. केरन फॉकनर, लिंडा लेव्ही आणि थॉमस कार्पेंटर यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच उदाहरण होते. सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांना ते दिले गेले आणि सगळ्यांच्या सगळ्यांनी १२ किंवा १७ हेच उत्तर दिले. या मुलांना बेरीज येत नव्हती असे नाही. त्यांचा घोटाळा '=' या चिन्हाच्या अर्थात होता. त्यांच्या लेखी त्या दोन आडव्या रेघा म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम होता.

आपल्या भाषेत या घोटाळ्याला एक वेगळीच गंमत आहे. '=' हे चिन्ह आपण 'बरोबर' असे वाचतो : आठ अधिक चार बरोबर बारा. उत्तर अचूक असले की गुरुजी म्हणतात तेही 'बरोबर'. पहिला 'बरोबर' दोन बाजूंमधले नाते सांगतो, दुसरा निकाल देतो. प्राथमिक वर्गातले गणित बव्हंशी दुसऱ्या 'बरोबर'साठी चालते, तर बीजगणित सगळे पहिल्या 'बरोबर'वर उभे असते. आठवीत 'क्ष' समोर आला की चांगली हिशेबी मुलेही अडखळतात, त्याचे एक मोठे कारण इथे आहे. ज्याला '=' म्हणजे उत्तराची पाटी वाटते, त्याला समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून ३ वजा करण्यात काही अर्थ दिसत नाही. तो नियम पाठ करतो, आणि पाठांतर चुकले की गणित आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकतो. हा निर्णय तेराव्या-चौदाव्या वर्षी होतो आणि पुष्कळदा जन्मभर टिकतो.

म्हणून प्राथमिक वर्गातले बीजगणित म्हणजे आठवीचे पुस्तक पाचवीत आणणे नव्हे. 'क्ष' नंतर आला तरी चालेल. उत्तराच्या आधी नाते पाहण्याची सवय मात्र लवकर लागली पाहिजे. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात 'बीजगणिताची पूर्वतयारी' असे स्वतंत्र प्रकरण आहे, ते याच जाणिवेतून. आज ही पूर्वतयारी फळ्याइतकीच टॅबवर, मोबाइलवर आणि वर्गातल्या मोठ्या पडद्यावर होऊ लागली आहे. तेव्हा प्रश्न असा की पडदा मुलाला यांपैकी कोणता 'बरोबर' शिकवतो?

रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली आपल्या ग्रंथात दोन समांतर रेघांचे हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा त्याने कारणही दिले होते : या दोन रेघांहून अधिक समान अशा दोन गोष्टी कुठल्या असणार! चिन्हाच्या जन्मातच समानता होती. आता कॅल्क्युलेटर हाती घ्या. ८ + ४ दाबा, '=' दाबा : १२. पुढे + ५ दाबून पुन्हा '=' दाबा : १७. मुलांची दोन्ही चुकीची उत्तरे त्या इवल्याशा पडद्यावर ओळीने उमटतात. कॅल्क्युलेटर खोटे बोलत नाही, पण त्याच्या कळीवरचे '=' हे नाते नसून हुकूमच आहे.

बाजारातही तसेच झाले. पूर्वी वाण्याच्या तराजूला दोन पारडी असत. एकीकडे वजन, दुसरीकडे गूळ, आणि काटा मध्ये आला की सौदा पुरा. 'बरोबर' म्हणजे काय, हे मूल दुकानातच पाहत असे. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकच ताटली असते आणि आकडा झळकतो. दुसरे पारडे मुलाच्या नजरेतून गेले. ते परत आणायला पडदा उपयोगी पडतो. संगणकावरच्या आभासी तराजूत एका पारड्यात ८ आणि ४ ठेवायचे, दुसऱ्यात ५ आणि एक झाकलेली पिशवी. पिशवीत १२ घातले तर पारडे धाडकन खाली जाते. 'चूक' असा शेरा कुणी मारावा लागत नाही, मुलाला ती दिसते. दोन्हीकडून सारखेच काढले तर काटा हलत नाही, हेही दिसते. समीकरण सोडवण्याचा पहिला नियम असा हाताला समजतो.

याउलट सरावाची अनेक ॲप्स उत्तर टाइप होताच हिरवी खूण दाखवतात, टाळ्या वाजवतात, गुण देतात. पाढ्यांच्या सरावाला ते ठीक आहे, पण आकृतिबंधाच्या शिक्षणाला पुरेसे नाही. '४, ७, १०, १३, पुढे काय?' याला १६ लिहून टाळ्या मिळाल्या म्हणजे मुलाला ३ मिळवता आले, एवढेच कळले.

हाच आकृतिबंध नीट पाहू. काड्यापेटीतल्या काड्यांनी एक चौकट करा : ४ काड्या. तिला चिकटून दुसरी केली तर ७, तिसरी केली तर १०. अशा १० चौकटींच्या रांगेला किती काड्या लागतील? एक मूल म्हणेल : पहिलीला ४, पुढच्या ९ चौकटींना तीन-तीन, म्हणजे ४ + ९ × ३. दुसरे म्हणेल : सुरुवातीला एकच उभी काडी आहे, मग दहा वेळा तीन-तीन लावल्या, १ + १० × ३. तिसरे थर पाहते : वर १०, खाली १०, उभ्या ११. चौथ्याची युक्ती उलटी : दहा सुट्या चौकटींच्या ४० काड्या, पण ९ जागी एक काडी दोनदा मोजली, म्हणून ४० − ९. उत्तर सगळ्यांचे ३१. शिकण्याजोगी गोष्ट मात्र ३१ नाही. ४ + ९ × ३ आणि १० × ४ − ९ यांच्यामध्ये '=' लिहिता येते, आणि ते का लिहिता येते हे गुणाकार-बेरीज न करताही सांगता येते, कारण दोघांनी मोजल्या त्या काड्या त्याच आहेत. हा पहिला 'बरोबर'. आता १०च्या जागी कितीही चौकटी घ्या. त्या संख्येला 'न' म्हटले की ३ × न + १ हे सूत्र मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीचे नाव होते.

कागदावर काड्या काढताना दहा चौकटींतच हात दुखतो आणि खोडाखोडीत आकृती बिघडते. पडद्यावर काड्या सरकवता येतात, शंभर चौकटी मांडता येतात, आणि मुख्य म्हणजे रंगवता येतात. एकाने पहिली चौकट लाल केली आणि बाकीच्या निळ्या, दुसऱ्याने उभ्या काड्या पिवळ्या केल्या, की चार मुलांची चार डोकी चार चित्रांत दिसतात आणि वर्गात चर्चा सुरू होते.

रंगांचे बीजगणिताशी नाते आपल्याकडे फार जुने आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिले, तेव्हा अज्ञात राशींना नावे देण्याची जी रीत वापरली, ती अशी : पहिली 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढे असेल तेवढे', आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा! ही नावे आखूड करून या, का, नी असे लिहीत. संस्कृतात 'वर्ण' म्हणजे रंग आणि 'वर्ण' म्हणजे अक्षरही. आज रंगीत ठोकळ्यांवरून अक्षराकडे जाणारे मूल याच वाटेने चालते.

संगणकाचा दुसरा उपयोग मुलाकडूनच त्याला आज्ञा देववण्याचा. १९६७ साली अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तीत पडद्यावरच्या कासवाला सांगायचे : चार वेळा हे कर, पुढे ५० जा, उजवीकडे ९० अंश वळ. चौरस तयार. लहान चौरस हवा तर ५०च्या जागी २०, मोठा हवा तर १००. दर वेळी सगळे नव्याने लिहिण्याचा कंटाळा आला की मूल विचारते, इथे आकड्याऐवजी नुसते 'बाजू' लिहिले तर? तिथे चल राशी जन्माला येते, आणि ती मुलाच्या स्वतःच्या गरजेतून येते.

प्रत्येक साधनाबरोबर प्रश्नही बदलावे लागतात. स्प्रेडशीटच्या पहिल्या घरात ४ लिहा, खालच्या घरात 'वरची संख्या अधिक ३' असे सूत्र द्या आणि ते खाली ओढत न्या. शंभरावे पद विनासायास मिळते. पूर्वी 'शंभरावी संख्या कोणती?' हा प्रश्न मुलाला सूत्राकडे ढकलत असे, कारण शंभर वेळा ३ मिळवणे नको वाटे. आता ती निकड उरत नाही. मग शिक्षकाने विचारावे : ५०० काड्या आहेत, एकही न उरता रांग पुरी होईल का? रांगेत ४९९ सापडते, ५०० सापडत नाही. का? कारण या रांगेतल्या प्रत्येक संख्येला ३ने भागले की बाकी १ उरते आणि ५००ला भागले की २. हे 'का' मुलालाच शोधावे लागते.

आणि आकृतिबंध फसवतातही. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी सरळ रेषेने जोडा आणि वर्तुळाचे किती तुकडे होतात ते मोजा. एका बिंदूला १, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना? सारा वर्ग ३२ म्हणतो. सारख्या अंतरावर बिंदू घेतले तर मोजणी ३० येते, कारण तीन रेषा मध्यावर एकाच ठिकाणी छेदतात. भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिंदू बोटाने जरासा सरकवला की मध्ये चिमुकला त्रिकोण उघडतो आणि तुकडे ३१ होतात. कितीही सरकवा, ३२ होत नाहीत. पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला नाही, हा धडा असा डोळ्यांदेखत मिळतो.

शाळेसाठी टॅब घेताना किंवा मुलासाठी ॲप निवडताना पाहायचे ते एवढेच. इथे मूल काही मांडू, बदलू, रंगवू शकते का? चुकले तर शेरा मिळतो, की परिणाम दिसतो? एकच गोष्ट दोन रीतींनी पाहिल्याची शाबासकी मिळते का? आणि पडदा बंद केल्यावर 'तुला असे का वाटले?' असे विचारणारे कुणी शेजारी आहे का? हा शेवटचा प्रश्न कोणतेही यंत्र अजून शिक्षकाइतका चांगला विचारत नाही.

या दिवाळीत अंगणात 'सात ते एक' ठिपक्यांची रांगोळी निघेल तेव्हा मुलांना जवळ बोलवा. ओळीओळीने ठिपके १, ३, ५, ७, ५, ३, १. एकूण २५. मोबाइलवर फोटो काढा आणि मुलाला दोन रंग देऊन सांगा, यांतले १६ ठिपके एका रंगाचे आणि ९ दुसऱ्या रंगाचे असे रंगव, की दोन्ही गटांचे चौरस दिसतील. जमले तर विचारा, 'नऊ ते एक'च्या रांगोळीत काय होईल? उत्तर ऐकल्यावर लगेच 'बरोबर' म्हणू नका. 'कशावरून?' म्हणा.