व्हॅनचा रंग टिकवा, माल वाचवा

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांचे दुकान एका जागी असते, पण धंदा चाकांवर चालतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीहून कापड आणणे, आठवडे बाजारात नेणे, गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवणे ही सारी कामे व्हॅन करते. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली. पुढे ती ओम्नी या नावाने घराघरांत पोहोचली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. तिची जागा ईको आणि इतर छोट्या मालवाहू गाड्यांनी घेतली. गाडी कोणतीही असो, तिचे ऑइल बदलायला आपण विसरत नाही. टायरची हवाही पाहतो. रंगाकडे मात्र "तो काय, दिखाऊपणा आहे" म्हणून दुर्लक्ष करतो. हा गैरसमज मला महागात पडला, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझ्याकडे एक पांढरी व्हॅन होती. दुकानातला मुलगा रोज सकाळी कोरड्या फडक्याने तिची धूळ पुसायचा आणि आठवड्यातून एकदा कपडे धुण्याच्या पावडरीने भर उन्हात धुवायचा. गाडी रोज पुसली जाते यात मी खूश होतो. तीन-चार वर्षांत रंग खडूसारखा झाला. हात फिरवला की पांढरी भुकटी लागायची. मागच्या दाराच्या खालच्या कडेला फोड आले, तेही मी मनावर घेतले नाही. एका पावसाळ्यात पॉपलीनचे तागे घेऊन निघालो. मुक्कामी दार उघडले तर गंजाचे पाणी आत झिरपून सहा तागे डागी झालेले. लोखंडाचा डाग साबणाने जात नाही, हे कापडवाल्याला सांगायला नको. तो माल कटपीसच्या भावाने काढावा लागला. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने इंजिन पाहण्याआधी मागच्या दाराची खालची कड पाहिली आणि भाव पाडला.

रंग म्हणजे काय?

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. नंतर गाडीचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि बहुतेक गाड्यांत सर्वांत वर पारदर्शक लॅकर असते. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते, म्हणजे सुमारे एक दशांश मिलिमीटर. आपण बिले छापतो त्या कागदाएवढी. पत्रा, पाणी आणि हवा यांच्यामध्ये एवढाच पडदा आहे. तो फाटला की गंज सुरू होतो.

साध्या पांढऱ्या रंगाच्या अनेक गाड्यांना वरचे लॅकर नसते. अशा रंगाला ऊन थेट लागते आणि तो भुकटी सोडू लागतो. आपल्या गाडीला लॅकर आहे की नाही, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हळूच घासा. गाडीचा रंग फडक्यावर उतरला तर लॅकर नाही. गाडी पांढरी असेल तर फडके काळे घ्या, नाहीतर काही दिसणार नाही.

फडके: आपल्या ओळखीचा विषय

रंग खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे कोरडे पुसणे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. कोरडे फडके फिरवले की तेच फडके पॉलिश पेपर बनते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या अशाच पडतात. म्हणून नियम एकच. आधी पाणी, मग हात.

फडके कोणते घ्यावे? होजिअरीच्या चिंध्यांत शिवण, बटण, इलॅस्टिक राहिलेले असते. ते ओरखडे काढते. नव्या कोऱ्या कापडात कांजी असते, तेही नको. मायक्रोफायबर उत्तम. त्यात बहुधा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉन असते. तंतू एक डेनियरपेक्षा बारीक आणि चिरलेले असतात, त्यामुळे धूळ त्यांच्या पोटात जाते, पृष्ठभागावर घासत नाही. ३०० ते ४०० जीएसएमचे कापड पुरते. त्याचे लेबल आणि टोचणारी किनार कापून टाकावी. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नये, कारण तूस चिकटते. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याने तंतूंवर थर चढतो आणि कापड पाणी शोषत नाही. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. मायक्रोफायबर नसेल तर सोलापूरचा जुना, मऊ झालेला टर्किश टॉवेल चालेल.

धुण्याची पद्धत

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत गाडी उभी करावी. बॉनेट हाताला गार लागले पाहिजे. गरम पत्र्यावर पाणी लगेच सुकते आणि क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. बोअरच्या पाण्यात हा त्रास जास्त होतो.

१) वरून खाली साधे पाणी ओतून धूळ आणि चिखल भिजवून वाहू द्यावा. चाकांवरच्या कमानींच्या आत पाणी जोराने मारावे, तिथे चिखल साचून राहतो.

२) दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. शाम्पूचे प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते तेवढेच घ्यावे. कपड्याची पावडर नको. ती आम्लारी असते, मेणाचा थर काढून टाकते आणि न विरघळलेले दाणे घासतात.

३) फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवावे. घाण एका बादलीत राहते आणि शाम्पू स्वच्छ राहतो.

४) आधी टप, मग काचा, बाजू आणि शेवटी खालचा भाग. चाकांसाठी फडके वेगळे ठेवावे. हात सरळ फिरवावा, गोल नको.

५) शाम्पू सुकू न देता भरपूर पाण्याने धुवावे आणि मऊ टॉवेलने टिपून घ्यावे. दारे उघडून कडा आणि सरकत्या दाराची पट्टी पुसावी. आत ओल ठेवून माल भरला तर कापडाला बुरशी लागते.

बादल्यांच्या या पद्धतीत, आधीचे आणि शेवटचे पाणी धरून, चार-पाच बादल्यांत काम भागते. उघडी सोडलेली नळी मिनिटाला दहा लिटर तरी ओतते, म्हणजे अर्ध्या तासात तीनशे लिटर. टँकरच्या गावात हा हिशेब लक्षात ठेवावा.

दुकानाचे नाव ब्रशने लिहून घेतले असेल तर त्यावर कंपाऊंड घासू नये, अक्षरे पुसट होतात. स्टिकर असेल तर त्याच्या कडेवर जोराचा फवारा मारू नये.

डागांवर तातडी करा

पक्ष्याची विष्ठा आम्लयुक्त असते. उन्हाने तापलेल्या रंगात ती खड्डा पाडते. ओले फडके पाच-दहा मिनिटे वर ठेवून डाग मऊ करावा आणि उचलून घ्यावा. घासू नये. डांबराच्या ठिपक्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाईनचा बोळा थोडा वेळ धरावा, डाग उतरला की तो भाग लगेच शाम्पूने धुवावा. नुकत्याच रंगवलेल्या गाडीवर हा उपाय करू नये. क्षारांच्या ठिपक्यांवर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन लावावे, मिनिटभराने धुवावे.

मेण आणि पॉलिश यांतला फरक

बाजारात दोन्ही डबे शेजारी असतात आणि आपण एकाच नावाने मागतो. कंपाऊंड आणि पॉलिश रंगाचा अगदी बारीक थर खरवडून चमक आणतात. मेण काही काढत नाही, वर थर चढवते. कागदाएवढ्या जाडीतून दर महिन्याला खरवडत गेलो तर काय उरेल? म्हणून पॉलिश रंग मंद पडला तरच आणि तेही क्वचित करावे. ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने जात नाही. त्यासाठी घासत बसू नये.

चांगल्या मेणात कार्नौबा असते. ते ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते आणि ८० अंशांहून अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे आपल्या उन्हात टिकते. तरी दीड-दोन महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते. कृत्रिम सीलंट साधारण चार ते सहा महिने जाते. रोज बाजाराला जाणाऱ्या गाडीला सीलंट सोयीचे.

गाडी धुऊन पूर्ण कोरडी करावी. स्पंजवर थोडेच मेण घेऊन एका वेळी एक-दोन भागांवर पातळ थर द्यावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याची मेहनत तेवढी वाढते. थर धुरकट झाला की बोट फिरवून पाहावे. बोटाखाली स्वच्छ चमक दिसली की मायक्रोफायबरने पुसावे. काळ्या प्लास्टिकच्या बंपरला मेण लावू नये, पांढरे डाग राहतात. नवीन रंगवलेल्या गाडीला मेण केव्हा लावायचे ते पेंटरला विचारावे. महिना-दोन महिने तरी थांबणे बरे.

मेण संपले हे कसे कळेल? पाणी ओतल्यावर गोल थेंब होऊन घरंगळले तर मेण आहे. पाणी पसरून चिकटून राहिले तर पुन्हा लावण्याची वेळ झाली. डबा मात्र मालाजवळ ठेवू नये. मेणाचा किंवा सिलिकॉनचा डाग कापडावर पडला तर तागा गेलाच.

गंज कुठे सुरू होतो?

बहुधा दिसत नाही तिथे. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात. ती धूळ आणि कापडाच्या तुसाने बुजतात, पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजतो. माझ्या गाडीचे असेच झाले होते. महिन्यातून एकदा लाकडी काडीने ती मोकळी करावीत. टपाची पन्हळ आणि काचेभोवतीचे रबरही पाहावे. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे गंज वेगाने वाढतो, तिथे गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवावी.

गाठींच्या लोखंडी पट्ट्या उंबऱ्यावर घासून रंग उडतो. तिथे जुनी सतरंजी किंवा तरट टाकावे. रंगाचा टवका उडाला तर पत्रा उघडा ठेवू नये. गंज धरला असेल तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासावा, पुसून त्याच दिवशी प्रायमर द्यावा आणि वाळल्यावर बारीक ब्रशने रंगाचे पातळ हात द्यावेत. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर सापडतो. फोड आले असतील तर गंज आतून आला आहे असे समजावे. वरून रंग फासून तो थांबत नाही, डेंटिंगच्या मिस्त्रीला दाखवावे. फोड नखाएवढा असताना खर्च थोडा असतो. भोक पडल्यावर पत्रा कापावा लागतो.

आठवड्याला एक तास धुण्याला, दीड-दोन महिन्यांनी एक सकाळ मेणाला, महिन्याला पाच मिनिटे भोकांना आणि पावसाळ्याआधी एकदा पूर्ण तपासणी, एवढेच काम आहे. मी आता हे दुकानातल्या मुलावर सोपवत नाही. सुटीच्या दिवशी दोघे मिळून करतो. गाडी चार वर्षांची झाली. मागचे दार उघडताना छातीत धडधड होत नाही.