सासूबाई गप्प का झाल्या?

ज्या सासूबाई पापडाच्या पिठावरून तुम्हाला चार शब्द सुनावल्याशिवाय राहत नसत, त्या हल्ली डब्याकडे फिरकत नाहीत. पहाटे तीनलाच जाग येते, जेवण दोन घासांवर आलेलं. 'वय झालं आता,' असं घरात सगळेच म्हणतात. आणि खरं सांगू? घर जरा शांत झालं म्हणून तुम्हालाही मनातून थोडं बरंच वाटतं!

इथंच फसगत होते, मैत्रिणींनो. अशी दिवसेंदिवस न हटणारी उदासी हा म्हातारपणाचा भाग नव्हे, तो आजार आहे. कधी कधी तर ती पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची आगाऊ वर्दी असते. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरांची १९८५ पासून पाहणी चालू आहे. तिच्या आधारे २०१७ साली दिसून आलं, की स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मनावर निदानाच्या सुमारे दहा वर्षं आधीपासूनच मळभ दाटू लागलं होतं.

हे ऐकून नणंद हळूच विचारते, "वहिनी, म्हणजे मलाही होणार का हो?"

पुष्कळ लेकी ही भीती मनात दाबून असतात. १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की एपीओई नावाच्या जनुकाचा एक प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो. या जनुकाच्या दोन प्रती आपल्यात असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तो प्रकार एका प्रतीत असला तर धोका साधारण तिप्पट, दोन्हींत असला तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. तरीही तो असलेल्या कितीतरी जणांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत तल्लख राहते आणि नसलेल्यांनाही आजार होतो.

उदासीचं असं एक जनुक नाही. शेकडो आहेत, प्रत्येकाचा वाटा मसाल्यातल्या चिमटीएवढा. तरुणपणी सुरू झालेली उदासी घराण्यात आणखी कुणाला असण्याचा संभव जास्त. साठीनंतर प्रथमच आली तर कमी. तिथं पुष्कळदा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, रक्तदाबानं नाहीतर मधुमेहानं. आणि त्याच रक्तवाहिन्यांवर स्मरणशक्तीही अवलंबून! म्हणून नणंदेनं जनुकाच्या तपासणीपेक्षा आधी रक्तदाब आणि साखर बघून घ्यावी.

सासूबाईंचं काय? उदास माणूस सहसा स्वतःच म्हणतो, "मला काही आठवत नाही गं." स्मृतिभ्रंशाचा रोगी बहुधा सारवासारव करतो. पण यावरून घरीच निदान करू नका. डॉक्टर थायरॉइड आणि बी-१२ तपासतील, ऐकू किती येतं तेही पाहतील. औषधानं, बोलण्यानं मन ताळ्यावर आलं की विसराळूपणाही अनेकदा ओसरतो. तरी पुढची काही वर्षं लक्ष असू द्या. शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. "आता कशाला जगायचं" असं त्या म्हणाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस फुकट लागतो.

जाताना एक टिपण न्या. झोप कधीपासून उडाली, काय विसरल्या, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्यांचं जवळचं कोण गेलं, तेही लिहा. हे सांगायचं हमखास राहून जातं.