चोक आणि छर्रा

बोम्मसंद्रातल्या आमच्या टूलरूममध्ये दिवसभर भोकंच मोजली जातात. बुशची, सिलिंडरची, व्हॉल्व्हची. त्यामुळे ट्रॅप नेमबाजी करणाऱ्या सहकाऱ्यानं पिशवीतून बंदुकीच्या नळीच्या तोंडात बसवायचे, आटे पाडलेले चोक काढून टेबलावर ठेवले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "आतून किती?" बोअर गेज सरकवला. बारा बोरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटर धरतात. हाफ चोकच्या तोंडाशी माप त्याहून साधारण अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरलं, फुलला जवळपास एकानं. सगळा खेळ एवढ्यावर.

चोक आवळला म्हणून बंदुकीची ताकद वाढत नाही. छर्रे कुठवर एकत्र राहतील, तेवढंच बदलतं. ट्रॅपची तबकडी नेमबाजापासून लांब पळते, तिला फुल लागतो. स्कीटमध्ये ती वीसेक मीटरांतच गाठायची, म्हणून तोंड मोकळं. काडतुसात छर्रे दोन्हीकडे २४ ग्रॅमच.

चोकवर काय कोरलंय त्यावर मात्र विसंबू नये. रेंजवर मोठा कागद टांगायचा, ४० यार्डांवरून एक बार काढायचा, भोकं जिथं दाट तिथं ३० इंची वर्तुळ आखायचं आणि मोजत बसायचं. सत्तर टक्के छर्रे आत आले तर फुल, साठ आले तर हाफ. काडतुसाची कंपनी बदलली की आकडाही बदलतो. काम कंटाळवाणं आहे. मोजलेल्या भोकावर पेन्सिलीची खूण केली नाही, तर हिशेब हमखास चुकतो.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं शौकाच्या शिकारीला वेसण घातली, १९९१च्या दुरुस्तीनं ती संपलीच. तरी कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळ्या आहेत, आणि वनखात्यानं परवानगी दिली तर समोर रानडुक्कर असतं. तिथं 'लांबचं मारायचं तर फुल' हा ठोकताळा फसतो. एल.जी. काडतुसात नऊ मिलिमीटरचे जेमतेम सहा छर्रे. दोन शेजारी आले की अठरा मिलिमीटर भरले, आणि फुलचं तोंड साडेसतरा! शिसं मऊ, ते चेपतं. चेपलेला छर्रा भरकटतो. जुन्या दुनळीत बहुधा उजवी नळी हाफ, डावी फुल असते. एल.जी. उजवीत घालावं. एकाच गोळीचं काडतूस फुलमधून उडवूच नये.

सहा छर्ऱ्यांना टक्केवारी कसली लावणार? डुकराच्या छातीएवढा पुठ्ठा रेंजवर उभा करायचा आणि पंचवीस पावलांवरून किती लागले ते बघायचं. निम्मेच लागले तर नळी बदलून बघावी, नाहीतर सरळ पाच पावलं पुढं यावं.